सेटअप नीट होतो पण सॉफ्टवेअर उघडलं की ३३९ नाहीतर ४२९ एरर येतो, काय बघायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला की व्हीबी सिक्स (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा व्हिज्युअल बेसिक ६) मधलं बिलिंगचं सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर एकदम मस्त चालतं, इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवायच्या टूलने बनवलेला सेटअप गिऱ्हाइकाकडे शेवटपर्यंत जातो, पण सॉफ्टवेअर उघडलं की कुठे ३३९ येतो, कुठे ४२९, आणि रेगएसव्हीआर३२ (फाइल विंडोजमध्ये रजिस्टर करायची कमांड) मारूनही काही पीसी ऐकत नाहीत. मी नागपुरात हेच काम करतो, इतवारी, गांधीबाग, कळमना या भागातल्या दुकानांत असलं जुनं सॉफ्टवेअर अजून रोज चालून राहिलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात पहिले, कोणी कितीही सांगो, गिऱ्हाइकाचा पीसी फॉरमॅट करू नका. दुकानदाराचा वर्षाचा हिशेब त्यात असतो आणि बहुतेक वेळा त्याच्या पीसीचा काही दोषच नसतो, कमी असते ती आपल्या सेटअपमध्ये. तुमच्या लॅपटॉपवर व्हीबी सिक्स इन्स्टॉल आहे ना, ते इन्स्टॉल होतानाच एमएसकॉमसीटीएल, एमएसफ्लेक्सग्रिड वगैरे सगळे ओसीएक्स (स्क्रीनवरच्या तयार भागांच्या फाइली) रजिस्टर करून टाकतं, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, रजिस्ट्रीत, त्यांची नोंद करतं, म्हणून तिथे हा एरर कधी दिसणारच नाही. टेस्टिंगसाठी एक कोरं विंडोज व्हर्च्युअल मशीनवर (पीसीच्या आत चालणारा नकली पीसी) ठेवा, त्याचा स्नॅपशॉट घ्या म्हणजे परत कोऱ्या स्थितीत जाता येतं, आणि प्रत्येक नवा सेटअप आधी तिथे चालवा. हे नसेल तर बाकी सगळं अंदाजावर चालतं.

आता एरर. ३३९ चा मेसेज लोक अर्धाच वाचतात. त्यात फाइलचं नाव येतं आणि पुढे लिहिलेलं असतं की ही फाइल "किंवा तिची एखादी डिपेंडन्सी" (तिला चालायला लागणारी दुसरी फाइल) नीट रजिस्टर नाही, फाइल गायब आहे किंवा खराब आहे. म्हणजे नाव एका फाइलचं, पण गायब दुसरीच असू शकते. ४२९ वेगळा, तिथे प्रोग्रामने ऑब्जेक्ट (दुसऱ्या फाइलीतला कामाचा भाग) बनवायला घेतला आणि तो बनला नाही. त्यात तुमची स्वतःची ॲक्टिव्हएक्स डीएलएल (प्रोग्राम वापरतो ती कोडची वेगळी फाइल) असेल तर प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये बायनरी कम्पॅटिबिलिटी (जुने आयडी तेच ठेवायची सेटिंग) लावलेली आहे का बघा, कारण ती नसली तर प्रत्येक कम्पाइलला नवा क्लास आयडी (विंडोज ऑब्जेक्ट ज्याने ओळखतं तो नंबर) तयार होऊ शकतो, आणि तुम्ही फक्त नवी डीएलएल पाठवली तर जुनी ईएक्सई, म्हणजे मुख्य प्रोग्रामची फाइल, जुनाच आयडी शोधत बसते. यात रजिस्टर कितीही मारा, उपयोग नाही.

तुमचं मुख्य दुखणं मला ६४ बिटचं वाटतं. व्हीबी सिक्सचं सगळं ३२ बिट, आणि ६४ बिट विंडोजवर नावं उलटी आहेत, सिस्टम३२ फोल्डरमध्ये ६४ बिट फाइली आणि सिसवाऊ६४ मध्ये ३२ बिट. आपण एक्सप्लोररमधून ओसीएक्स सवयीने सिस्टम३२ मध्ये पेस्ट करतो, मग रेगएसव्हीआर३२ मारतो, ते बघतं की फाइल ३२ बिटची आहे, म्हणून काम ३२ बिटच्या रेगएसव्हीआर३२ कडे देतं, आणि त्या बिचाऱ्याला विंडोज सिस्टम३२ च्या जागी सिसवाऊ६४ दाखवतं जिथे फाइलच नाही. मग येतं "मॉड्यूल लोड झालं नाही", आणि आपण म्हणतो फाइल तर समोर दिसून राहिली! तर ओसीएक्स सिसवाऊ६४ मध्ये टाका, कमांड प्रॉम्प्ट राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर उघडा आणि सिसवाऊ६४ मधलंच रेगएसव्हीआर३२ पूर्ण पाथ देऊन चालवा.

मेसेज काय येतो त्यावर पुढचं ठरतं, म्हणून तो नीट वाचा. फाइल जागेवर असूनही लोड झाली नाही म्हणत असेल तर तिची डिपेंडन्सी कमी आहे, बरेचदा व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल (त्यात बनलेल्या प्रोग्रामांना लागणाऱ्या फाइलींचं मायक्रोसॉफ्टचं पॅकेज). लोड झाली पण ८००७०००५ किंवा ८००२८०१सी आला तर आधी ॲडमिन परवानगी तपासा, बहुतेक तीच नसते. आणि "डीएलएलरजिस्टरसर्व्हर एंट्री पॉइंट सापडला नाही" आलं तर ती रजिस्टर करायची फाइलच नाही, साधी डीएलएल आहे, नाहीतर डॉटनेटची (मायक्रोसॉफ्टचं नंतरचं प्लॅटफॉर्म) आहे जिला रजिस्टर करायला रेगॲझम हे टूल लागतं, कोडबेस स्विच लावून, तेही ३२ बिट प्रोग्रामसाठी फ्रेमवर्क फोल्डरमधलं, फ्रेमवर्क६४ मधलं नाही.

तरी सापडलं नाही तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर फुकट मिळतं, इन्स्टॉल पण करावं लागत नाही. फिल्टरमध्ये तुमची ईएक्सई टाका, रिझल्टमध्ये "नेम नॉट फाउंड" टाका, आणि एरर यायच्या अगदी आधीच्या ओळी बघा. कोणता क्लास आयडी किंवा कोणती फाइल शोधली आणि मिळाली नाही ते तिथे स्पष्ट दिसतं. खरं सांगतो, मी आजकाल अंदाज लावतच नाही, आधी हेच उघडतो.

पण हे हाताने करणं म्हणजे कायमचा उपाय नाही, उद्या गोंदियाच्या गिऱ्हाइकाने फोन केला तर तुम्ही काय दर वेळी गाडी पकडणार काय? सेटअपच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओसीएक्सला रेगसर्व्हर आणि शेअर्डफाइल हे दोन्ही फ्लॅग (सूचना) लावा. पहिल्याने रजिस्टर होते, दुसऱ्याने विंडोज मोजून ठेवतं की ही फाइल किती जण वापरतात. दुसरा नसला तर तुमचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करताना फाइल पण उडते आणि शेजारचं दुसऱ्या कोणाचं टॅली-बिलिंग जे काय असेल ते बंद पडतं, हे फार वाईट आहे, दुसऱ्याच्या धंद्याचं नुकसान आपल्या हातून होऊ नये. इग्नोरव्हर्जन हा फ्लॅग (फाइल जुनी की नवी ते न बघता बदलणारा) मात्र या शेअर्ड फाइलींना लावू नका, नाहीतर नव्या फाइलीवर तुमची जुनी बसेल. सेटअप ६४ बिट मोडमध्ये चालत असेल तर डेस्टिनेशन सिसवाऊ६४ द्या आणि ३२बिट हा फ्लॅगही जोडा.

आणि जिथे ऑफिसवाले ॲडमिन पासवर्ड देतच नाहीत तिथे रजिस्ट्रेशन-फ्री कॉम (रजिस्टर न करता हे ऑब्जेक्ट वापरायची सोय) वापरा, हे विंडोज एक्सपीपासून आहे. ओसीएक्स ईएक्सईच्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि मॅनिफेस्ट फाइलमध्ये (ईएक्सईसोबतची माहितीची फाइल) क्लास आयडी लिहायचे, रजिस्ट्रीला हातच लागत नाही आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरशी भांडण पण नाही. फक्त ॲक्टिव्हएक्स ईएक्सई (ऑब्जेक्ट देणारा वेगळा चालणारा प्रोग्राम) असेल तर हे चालत नाही, डीएलएल आणि ओसीएक्सलाच चालतं.