वाचकांचे प्रश्न : ठिसूळ हाडात दाढेचा इम्प्लांट

प्रश्न : आईचं वय ६६, टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचं माप) उणे २.८, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. वरच्या मागच्या दोन दाढा काढल्यात. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटला हाड लवकर धरतं, महिन्याभरात कॅप बसेल, असं सांगितलं गेलं. ते खरं का? आई मिश्री लावते. — एक वाचक, निपाणी

उत्तर : खडबडीत पृष्ठभागाचं खरं आहे, महिन्याभराची घाई मात्र नको.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर पाव ते अर्धा मिलिमीटरचे ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) कण जोरात मारतात, मग तो गरम आम्लात बुडवतात. त्याने १ ते २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उंचसखलपणा येतो. पूर्वीच्या, नुसत्या लेथवर कातलेल्या इम्प्लांटवर तो अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असे. खडबडीत धातूला रक्ताची गुठळी धरून राहते आणि तिच्या जाळीवरून हाड बनवणाऱ्या पेशी थेट धातूपर्यंत पोचतात. गुळगुळीत धातूवरून गुठळी आकसताना सुटते. मग हाडाला भोकाच्या कडेपासून भरत यावं लागतं. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या विकारात, हाड बनतं कमी, झिजतं जास्त, तेव्हा ही मदत मोलाचीच.

पण पहिल्या दिवशीची पकड आट्यांची असते. वरच्या जबड्याचं मागचं हाड मुळातच जाळीदार, त्यात नेहमीच्या मापाचं भोक पाडलं की इम्प्लांट सैल फिरतो. म्हणून शेवटचं ड्रिल गाळून भोक अरुंद ठेवतात. बसवताना पिळायला ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लागला तर उत्तम. पुढे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात जुनी पकड सैलावते आणि नवं हाड अजून कच्चं असतं. नेमका तेव्हाच चावण्याचा भार आला तर इम्प्लांट सूक्ष्म हलत राहतो, भोवती हाडाऐवजी तंतू भरतात आणि तो काढावाच लागतो. चांगल्या हाडात ६ ते ८ आठवडे पुरतात. तुमच्या आईंसाठी ३ ते ६ महिने धरा. कॅपआधी आयएसक्यू (इम्प्लांट किती घट्ट बसलाय याचा शंभरपैकी आकडा) मोजून घ्या : ७०च्या पुढे निर्धास्त, ६०च्या खाली आणखी थांबायचं. आणि वर सायनसची पोकळी असल्यामुळे सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) काढून हाडाची उंची पाहिल्याशिवाय तारीख ठरवूच नका.

मिश्रीचं स्पष्टच सांगतो, ती बंद व्हायला हवी. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हे सांगणं सोपं नाही, पण तिच्यातल्या तंबाखूने हिरडी मागे सरकून तोच खडबडीत भाग उघडा पडला की त्यावर जंतूंचा थर गुळगुळीत धातूपेक्षा घट्ट बसतो आणि ब्रशने निघत नाही. मिश्रीने घासून तर नाहीच नाही.

प्रश्न : इम्प्लांटसाठी हाडांचं सहामाही डेनोसुमॅब इंजेक्शन पुढे ढकलू का? — चिकोडी

उत्तर : परस्पर मुळीच नाही. डोस लांबला की हाडांची झीज उसळते, मणके मोडू शकतात. सहसा डोसनंतर ३-४ महिन्यांनी इम्प्लांट घालतात, म्हणजे पुढच्या डोसआधी जखम भरते. हाडांचे डॉक्टर आणि दंतवैद्य यांना एकमेकांशी बोलायला लावा. पूर्वी झोलेड्रॉनिक ॲसिड या हाडांच्या औषधाचं सलाईन घेतलं असेल तर तेही सांगा. ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं.