वाचकांचे प्रश्न : स्वस्त इलेक्ट्रिक गिटारची सुधारणा

इलेक्ट्रिक गिटार शिकू लागलेल्या वाचकांकडून कमी किमतीच्या वाद्यांविषयी बरेच प्रश्न आले आहेत. एकाच वाद्यावर काम करणाऱ्या कोणालाही उपयोगी पडतील असे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे, एका वेटोळ्याचे भाग) असलेली स्वस्त गिटार आहे. तारा दाबायला फार जोर लागतो आणि सूर नीट जुळवल्यावरही पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर वाजतात. ही गिटार मला स्वतःच्या हातांनी सुधारायची आहे. सुरुवात नव्या पिकअपने करावी की नव्या रंगाने? स्क्रूड्रायव्हरपलीकडे कोणतेही हत्यार मी आजवर हाताळलेले नाही.

उत्तर : ही दोन्ही कामे नंतरची आहेत. स्वस्त गिटार कमी पडते ती लाकडामुळे किंवा पिकअपमुळे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात यंत्रावर कापलेली आजची बॉडी आणि नेक बहुधा बऱ्यापैकी असतात. कारखान्याने काटकसर केलेली असते ती माणसाच्या हाताला लागणाऱ्या वेळात. नटच्या खाचा योग्य खोलीपर्यंत कापणे, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एका पातळीत आणणे, त्यांची टोके गुळगुळीत करणे, नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवणे ही सगळी थांबत थांबत, तपासत तपासत करायची कामे आहेत आणि कमी किमतीच्या हिशोबात ती बसत नाहीत. शिकणाऱ्याकडे पैसा कमी असला तरी वेळ असतो. म्हणून जे काम कारखान्याने टाळले, तेच त्याने आधी हाती घ्यावे असे माझे ठाम मत आहे.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून दोष नटमध्ये असावा. नेकच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, तारा ज्या लहानशा पट्टीच्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट. नटवर तार गरजेपेक्षा उंच राहिली की पहिल्या फ्रेटला टेकेपर्यंत ती फार खाली दाबावी लागते, दाबताना ताणली जाते आणि त्यामुळे चढी वाजते. वरच्या फ्रेटकडे जावे तसा हा परिणाम कमी होतो, म्हणूनच तुमचे पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे कॉर्ड बिघडतात. तपासणी सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते पाहा. तेथे बोटाने हलकेच टिचकी मारल्यावर तार फ्रेटला आपटल्याचा बारीक आवाज यावा, पण फट डोळ्यांना जेमतेम दिसावी. फट स्पष्ट दिसत असेल तर खाच उथळ आहे.

खाच खोल करण्यासाठी तारेच्या जाडीप्रमाणे वेगवेगळ्या मापांच्या बारीक कानशी मिळतात. कानस दोन-तीन वेळा फिरवावी, तार पुन्हा खाचेत बसवून सूर लावावा आणि फट पुन्हा पाहावी. हे कंटाळवाणे वाटले तरी घाई करू नये, कारण काढलेला भाग परत येत नाही, आणि खाच जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणू लागते. कानस धरताना तिचे टोक खुंट्यांच्या बाजूला किंचित झुकलेले असावे, म्हणजे तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकेल. खाचेचा तळ सपाट किंवा मध्येच उंच राहिला, तर मोकळ्या तारेतून सतारीसारखा झणकार येतो. सतारीच्या घोडीवर कारागीर जी जवारी मेहनतीने काढतो, तीच येथे दोष ठरते. काम झाल्यावर खाचेत पेन्सिलीचे शिसे घासावे. त्याच्या ग्रॅफाइटमुळे तार अडखळत नाही आणि पुष्कळदा ज्या दोषाचे खापर खुंट्यांवर फोडले जाते, तो सूर उतरण्याचा दोष तेवढ्यानेच कमी होतो.

नटला हात लावण्यापूर्वी मात्र नव्या तारा चढवा आणि नेकचा बाक तपासा, कारण बाक चुकीचा असेल तर पुढची सगळी मापे चुकतात. ते कसे करायचे, ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : ट्रस रॉड फिरवला तर नेक तुटते असे ऐकले आहे. नवशिक्याने त्याला हात लावावा का?

उत्तर : लावावा, पण माप घेऊन आणि योग्य मापाच्या पान्यानेच. मोकळ्या सुरांत लावलेल्या 0.009 इंचाच्या संचातील सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे 38 किलो असतो, 0.010 इंचाच्या संचाचा 47 किलोच्या आसपास जातो. हा ताण नेकला पुढे वाकवतो आणि नेकच्या आतील पोलादी कांब, म्हणजेच ट्रस रॉड, त्याला विरोध करते. वाजताना तार मध्यभागी सर्वांत जास्त हलते, म्हणून तिला जागा मिळण्यापुरता थोडासा बाक हवाच असतो.

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, बॉडी जिथे सुरू होते तिथला फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली राहणारी फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांनी) मोजा. ती साधारण 0.25 मिलिमीटर असावी. जास्त असेल तर ट्रस रॉडच्या टोकाचा नट (तारांची पट्टी नव्हे) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कमी असेल तर उलट दिशेने, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवावा, मग सूर पुन्हा लावून माप घ्यावे. लाकूड लगेच पूर्ण प्रतिसाद देत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणे चांगले. पाना सैल बसत असताना जोर लावला की षटकोनी खाच झिजते, आणि नेक बिघडण्याच्या बऱ्याच कहाण्यांचे मूळ तेथेच असते. ट्रस रॉडचा नट पूर्ण आवळलेला असूनही बाक जात नसेल तर जोर करू नका. ती नेक जाणकाराला दाखवा.

बाक जुळल्यावर तारांचा नट, नटनंतर तारांची उंची आणि सर्वांत शेवटी ब्रिजवरील सॅडल (बॉडीकडच्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात ते सरकणारे तुकडे), हा क्रम सोडू नये. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची सुमारे 1.6 मिलिमीटर ठेवून सुरुवात करा आणि झणझण आली तर वाढवा. सॅडलसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल नेकपासून दूर न्यावे, उतरलेला असेल तर नेककडे आणावे. या घाटाच्या गिटारची तार मोजमापाने 648 मिलिमीटर असली तरी सॅडल त्यापेक्षा थोडी मागेच बसतात, आणि साधारणपणे एकसंध तारेपेक्षा गुंडाळी असलेल्या जाड तारेचे सॅडल जास्त मागे जाते, याने गोंधळून जाऊ नये.

प्रश्न : गिटार अॅम्प्लिफायरला जोडली की सतत गुणगुण येते. तारांना हात लावला की ती कमी होते. पिकअप खराब आहेत का?

उत्तर : नाही. हात लावल्यावर आवाज कमी होतो याचा अर्थ ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे आणि वायरिंग मुळात बरोबर आहे. हात लावल्यावर आवाज वाढला असता, तर मात्र जॅकच्या दोन वायर उलट जोडल्या गेल्याची शंका घ्यावी लागली असती.

येथे दोन वेगळे आवाज ओळखणे आवश्यक आहे. विजेच्या प्रवाहाच्या 50 किंवा 60 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारी खोल गुणगुण सिंगल कॉइल पिकअपच्या रचनेतच आहे. दोन कॉइल उलट्या जोडून ती घालवणारा हंबकर पिकअप सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये 1955 मध्ये तयार केला. तुमच्या गिटारचा मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवतेचा असेल, तर पाच जागांच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर हीच युक्ती आपोआप साधते. त्या दोन जागांवर गुणगुण थांबते का, ते ऐकून पाहा. दुसरा आवाज दिव्यांमुळे आणि संगणकामुळे येणारी तीव्र खरखर. पिकअपची पोकळी आणि पिकगार्डची (बॉडीवरच्या संरक्षक पट्टीची) मागची बाजू तांब्याच्या पट्टीने मढवून, सर्व तुकडे एकमेकांना जोडून ग्राउंडला सांधले की ही खरखर पुष्कळ घटते. या मढवण्याने खोल गुणगुण मात्र जात नाही.

वायरिंग उघडणार असाल तर आधी प्रत्येक जोडाचे छायाचित्र काढा. पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे नियंत्रक) बदलताना सिंगल कॉइलसाठी 250 किलोओहम आणि हंबकरसाठी 500 किलोओहम हा रूढ संकेत पाळा, कारण कमी मूल्याच्या पॉटने उंच स्वर दबतात आणि जास्त मूल्याने ते कर्कश होऊ शकतात. टोन नियंत्रणाचा कपॅसिटर अनेकदा 0.022 किंवा 0.047 मायक्रोफॅरडचा असतो. तो टोन पॉट पूर्ण उघडा असताना फारसा जाणवत नाही, म्हणून महागडा कपॅसिटर घेण्यात अर्थ नाही. स्वस्त गिटारमधले लहान पॉट काढून मोठे बसवायचे असतील, तर पिकगार्डच्या भोकाचा व्यास आणि पोकळीची खोली आधी मोजा. मोठ्या पॉटला बहुधा 9.5 मिलिमीटरचे भोक लागते, आणि बॉडी पातळ असल्यास मोठा स्विचही आत मावत नाही.

सोल्डरिंगमध्ये नवशिक्याला सर्वांत जास्त त्रास पॉटच्या पाठीवर होतो, कारण तेवढे मोठे धातूचे आवरण उष्णता शोषून घेते आणि लहान इस्त्रीची ऊर्जा त्यात विरून जाते. आवरणाचा तो भाग आधी बारीक पॉलिश पेपरने घासून चमकवा, रुंद टोकाची 40 ते 60 वॅटची सोल्डरिंग इस्त्री आधी धातूला लावा आणि तापलेल्या धातूवर सोल्डर वितळू द्या. इस्त्रीवर सोल्डर वितळवून ते थेंबासारखे टाकले की जोड मंद आणि दाणेदार दिसतो, वर वर चिकटतो आणि पुढे आवाज तुटू लागतो. बरोबर बसलेला जोड पसरट असतो आणि त्याच्या कडा धातूत मिसळून गेलेल्या दिसतात. शिशाचे सोल्डर वापरल्यास खिडकी उघडी ठेवा आणि काम संपल्यावर हात धुवा. अॅम्प्लिफायर मात्र उघडू नका. बंद केल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतदाब टिकून राहू शकतो.

प्रश्न : एवढे कष्ट एका स्वस्त गिटारवर घेणे योग्य आहे का? तेच पैसे साठवून चांगली गिटार घेणे शहाणपणाचे नाही का?

उत्तर : नेक पीळ खाल्लेली असेल, ट्रस रॉड निकामी असेल किंवा बॉडीतील नेकची बैठक फुटलेली असेल तर कष्ट घेऊ नका. या तीन गोष्टी शाबूत असतील तर घ्या. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांची लाल-पांढरी-काळी गिटार कारखान्याने दोषामुळे कमी दर्जाची ठरवलेल्या बॉडीवर उभी राहिली होती आणि तिच्यात त्यांनी जुन्या गिब्सन गिटारचा हंबकर बसवला होता. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांबरोबर 1963 मध्ये सुरू केलेल्या गिटारच्या नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. ही उदाहरणे वाद्य स्वस्त होते म्हणून मोलाची नाहीत. या दोघांना आपल्या वाद्यातला प्रत्येक भाग काय करतो हे नेमके ठाऊक होते, आणि ते ज्ञान महाग गिटार विकत घेऊन मिळत नाही. तुम्ही पुढे चांगली गिटार घ्याल तेव्हा तिची जुळणी स्वतः करू शकाल, हा या कामाचा खरा लाभ आहे. एका वेळी एकच भाग बदला आणि त्यानंतर काही दिवस वाजवा, म्हणजे कोणत्या बदलाने काय झाले ते कानाला कळेल. काढलेले भाग चिठ्ठ्या लावून जपून ठेवा.

प्रश्न : गिटारला नवा रंग द्यायचा आहे. जुना रंग पूर्ण काढावा का?

उत्तर : काढू नका. स्वस्त गिटारवरचे लेपन बहुतेक वेळा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचे, जाड आणि कठीण असते; ते खरवडता खरवडता बॉडीचा आकार बिघडतो आणि खाली सुबक रेषांचे लाकूड निघेल ही आशा पुष्कळदा फोल ठरते. 320 ते 400 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मोडा, धूळ पुसा आणि पातळ थरांत रंग द्या. आवाजात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. नेकच्या बैठकीत रंग जाऊ देऊ नका, नाहीतर नेक पूर्ण बसत नाही.

प्रश्न : हात नेकवरून खाली-वर नेताना फ्रेटची टोके बोचतात. हा दोष घरी दूर करता येईल का?

उत्तर : येईल, आणि हातांना त्याचा फायदा लगेच जाणवेल. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डाचे लाकूड आक्रसते, पण धातू आक्रसत नाही, म्हणून टोके बाहेर डोकावतात. त्यामुळे सर्वांत कोरड्या दिवसांत हे काम केले तर पुन्हा करावे लागत नाही. तारा काढा, बॉडी आणि फ्रेटबोर्ड मास्किंग टेपने झाका आणि लांब सपाट कानस नेकच्या कडेला समांतर धरून सर्व टोके एकाच वेळी लाकडाबरोबर आणा. लाकडाला कानस लागू लागली की थांबा. त्यानंतर प्रत्येक टोकाचे दोन्ही कोपरे बारीक कानशीने गोलसर करा. या कानशीची एक कड गुळगुळीत असावी, म्हणजे फ्रेटबोर्डावर ओरखडे उठणार नाहीत. शेवटी 600 आणि मग 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने टोके घासा आणि नेकच्या दोन्ही कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. जेथे तंतू अडकतील, तेवढीच टोके पुन्हा घासायची राहिली आहेत.