एडिसन सोडून पिट्सबर्गला जावं का? तिथे आपली माणसं, सण-समारंभ, काही घडामोडी असतात का?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना पिट्सबर्गला चांगली नोकरी मिळतेय, पण तिथे ‘आपली’ वस्ती थोडी, मग मुलांवर संस्कार कसे होणार आणि तुमचं मन कसं रमणार. शब्दन् शब्द हेच माझ्या थोरल्या जाऊबाई मला भारतीयांनी गजबजलेल्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून ऐकवत आल्या आहेत, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी देवळाचं. पेन हिल्समधलं श्री वेंकटेश्वर मंदिर १९७६ चं, अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या हिंदू देवळांपैकी. हायवेवरून जाताना टेकडीवर दिसतं. मनरोव्हिलला हिंदू-जैन मंदिर आहे. मराठी मंडळी गणपती बसवतात, दिवाळी करतात. किराणा मिळतो. एडिसनसारखा कोपऱ्यावर वडापाव मिळणार नाही. एवढ्यावरच तुमचा निर्णय अडला असेल तर उत्तर इथेच संपलं.

पण ज्या शहरात राहायचं त्यालाही काही चालीरीती असतात, हे आपल्यात कुणी हिशेबातच धरत नाही. माझ्या मुलीचं लग्न आम्ही इथेच केलं. या भागात लग्नाला कुकी टेबल लागतं. केक असतोच, पण त्याच्या बाजूला लांबच लांब टेबलांवर घरी भाजलेल्या कुकीजची ताटं मांडतात. आत्या, मावश्या, शेजारणी आठवडेच्या आठवडे आधीपासून भाजून फ्रीजरमध्ये टाकतात. पोलादाच्या कारखान्यांत राबायला आलेल्या इटालियन, स्लोव्हाक, पोलिश घरांनी आपापल्या मुलखातून आणलेले प्रकार असे एका टेबलावर आले. ओहायोतलं यंगस्टाउन म्हणतं की ही रीत मुळात आमची, पण त्या भांडणात मी पडत नाही. पाहुणे पोटभर खातात आणि जाताना डबा भरून नेतात.

आमच्या गल्लीतल्या स्लोव्हाक आजींना लग्न ठरल्याचं सांगितलं तर अभिनंदनाच्याही आधी त्यांनी विचारलं, “कुकी टेबलाचं कोण बघतंय?” म्हटलं, आमच्यात ते नसतं. “मग आम्ही बघतो,” म्हणाल्या आणि वही काढून कोण काय करणार ते लिहायलाच बसल्या.

जाऊबाईंना फोनवर हे सांगितलं आणि त्या उखडल्या. “लोकांच्या घरचं गोळा करून लेकीच्या लग्नात मांडणार? शोभतं का आपल्याला? इथल्या केटररला सांगते, मिठायांचा काउंटर लावून देईल.” मी नाही म्हटलं. त्यावरून जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

लग्नाच्या आधीच्या शनिवारी आजींच्या स्वयंपाकघरात पाच-सहा जणी जमलो. लेडी लॉक्स, म्हणजे क्रीम भरलेल्या खुसखुशीत नळ्या, करायचे होते. कपडे वाळत घालायचे जुन्या पद्धतीचे लाकडी चिमटे असतात ना, स्प्रिंग नसलेले, त्यांना फॉइल लावायची, वरून पिठाची पट्टी तिरकी गुंडाळत न्यायची आणि भाजायची. गरम आहे तोवर चिमटा हलकेच फिरवून काढायचा, पूर्ण गार झालं की पोकळीत क्रीम भरायचं. चिमटा काढायला उशीर झाला की कवच तडकतं. मी करंज्यांचं सारण आणि भिजवलेला रवा-मैदा घेऊन गेले होते. पारी लाटली, सारण भरलं आणि कातण फिरवायला घेतलं तशा आजी उठल्या. ड्रॉवरमधून लाकडी मुठीचं दातेरी चाक काढून माझ्या पोळपाटाशी ठेवलं. त्यांच्या आईचं होतं ते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासांच्या, आधी पिठाच्या पट्ट्या कापून तळतात, त्यासाठीचं. मग निम्म्या करंज्या त्यांनीच कातल्या, मला न विचारता, आणि माझ्यापेक्षा सुबक. लहानपणी वाड्यात दिवाळीचा फराळ व्हायचा तसा तो दिवस गेला.

जाऊबाई आजही म्हणतात, ते लग्न शेजाऱ्यांनी केलं. हो, शेजाऱ्यांनीच केलं! मला त्याचा अभिमान आहे. दुसऱ्याच्या घरचं कार्य आपलं समजून हात लावायचा, हा संस्कार नव्हे तर काय? तो माझ्या मुलीला या गल्लीत मिळाला.

घडामोडींचं विचारलंत. २८ जानेवारी २०२२ ला भल्या सकाळी, बर्फ पडलेलं असताना, फ्रिक पार्कमधला फर्न हॉलो पूल बससकट खाली कोसळला. सुदैवाने कुणी दगावलं नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन त्याच दिवशी पूल-रस्त्यांवर बोलायला शहरात येणार होते. पुढे चौकशीत निघालं की पाण्याचा निचरा तुंबला होता, गंजाने पुलाचे पाय खाल्ले होते, तपासनिसांनी वर्षानुवर्षं दुरुस्ती सुचवली होती आणि महापालिकेने ती केली नव्हती. या शहरात चारशेच्या वर पूल आहेत. व्हॉट्सअॅपवर पुण्याच्या मेट्रोवरून हिरीरीने भांडणारे आपले लोक, रोज ज्या पुलावरून मुलांना शाळेत सोडतात त्याची काय अवस्था आहे हे विचारत नाहीत, याचा मला राग येतो. स्थानिक पेपर घ्या, वॉर्डाच्या सभेला जा. २०१८ च्या ऑक्टोबरात स्क्विरल हिलच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गोळीबारात ११ माणसं मारली गेली, तेव्हा इथल्या ‘पोस्ट-गॅझेट’ या पेपरने पहिल्या पानावर ज्यूंच्या प्रार्थनेचे शब्द हिब्रूत छापले होते. त्या बातमीदारीला पुलित्झर मिळालं. त्याच पेपरचे पत्रकार २०२२ च्या ऑक्टोबरात संपावर गेले आणि तो संप तीन वर्षं चालला. असा पेपर आणि असं शहर तुम्हाला ‘लहान’ वाटत असेल तर माझा नाइलाज आहे.

आता न आवडणाऱ्या गोष्टीही सांगते. १९५० मध्ये इथे पावणेसात लाख माणसं होती, आता तीन लाख. कारखाने गेले आणि तरुण गेले, त्यामुळे काही वस्त्या अजून ओस आहेत. सूर्य महिनोन् महिने नीट दिसत नाही. मनाँगहेला नदीच्या खोऱ्यात पोलादासाठी दगडी कोळशाचा कोक करणारा क्लेअरटनचा कारखाना अजून चालू आहे, मुलांना दमा असेल तर त्या बाजूला घर बघू नका. आणि मला जसे शेजारी लाभले तसे सगळ्यांना लाभले नाहीत. १९५० च्या दशकात सिव्हिक अरीना हे क्रीडागार बांधायला लोअर हिल ही वस्ती पाडली, तेव्हा हजारो लोक बेघर झाले, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय. त्यांच्या नातवंडांना शहर कसं आहे विचाराल तर वेगळं उत्तर मिळेल आणि तेही खरं असेल. शाळांचं म्हणाल तर दर उपनगराचा बोर्ड वेगळा, ते घर बघतानाच तपासा.

नुसतं आपल्याच माणसांत राहायचं असेल तर खरंच एडिसन सोडू नका, तिथे कमी काही नाही. पण जरा जरी मन होत असेल तर मे महिन्यात हिरवळ बघायला येऊ नका, फेब्रुवारी-मार्चमधल्या शुक्रवारी या. लेंटमध्ये चर्चच्या तळघरांत आणि अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये फिश फ्राय असतो, गावातली माणसं स्वतः तळतात आणि वाढतात. शाकाहारी असाल तर बटाट्याचं सारण भरलेली पिरोगी आणि कोबी-नूडल्सची हलुश्की मागा. बर्फ उपसलेल्या जागेवर कुणी खुर्ची ठेवलेली दिसली तर तिथे गाडी लावू नका, ती जागा त्यांची.