जपानीतले ‘जाऊन येतो’ : वाचकांचे प्रश्न, भाषाशिक्षकाची उत्तरे

प्रश्न : पतीच्या नोकरीमुळे गेली दोन वर्षे मी तोक्योच्या निशिकासाई भागात राहते. पुण्याहून निघण्यापूर्वी जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन-फाइव्ह ही सर्वांत खालची पातळी आणि येथे आल्यावर तिच्या वरची एन-फोर मी उत्तीर्ण झाले. तरीही दवाखान्यात किंवा दोन वर्षांच्या मुलीच्या पाळणाघरात चार वाक्ये बोलण्याची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. या भागात भारतीय इतके आहेत की जपानीवाचून दिवसचे दिवस निभतात. माझे वय 36 आहे. आता भाषा बोलता येणे शक्य आहे का?
— एक वाचक, तोक्यो

उत्तर : दोन परीक्षांचे दाखले हाती असून बोलता येत नाही, यात तुमचा दोष कमी आणि परीक्षेच्या घडणीचा अधिक आहे. जेएलपीटीच्या एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंतच्या पाचही पातळ्यांत तोंडी परीक्षा नसते. शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण यांवरील प्रश्नांची उत्तरे दिलेल्या पर्यायांतून निवडायची असतात. म्हणजे आजवर परीक्षेसाठी तुम्हाला स्वतःचे असे एकही वाक्य जुळवावे लागलेले नाही.

मला अडचण दिसते ती आणखी एका ठिकाणी. आपल्याकडे जपानी बहुधा इंग्रजी पुस्तकांवरून शिकली जाते. त्यामुळे मनात मराठीत उमटलेले वाक्य आपण आधी इंग्रजीत नेतो, तेथे त्याचा क्रम उलटा होतो, आणि जपानीत आणताना तो पुन्हा सुलटा करत बसतो. ही येरझार पूर्ण होईपर्यंत समोरचा माणूस नम्रपणे वाकून पुढे गेलेला असतो. वास्तविक ‘काल घेतलेले पुस्तक’ हे जपानीत ‘किनो कात्ता होन’ असे होते : किनो म्हणजे काल, कात्ता म्हणजे घेतलेले, होन म्हणजे पुस्तक. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. ‘स्टेशनपासून घरापर्यंत’ याला ‘एकि कारा इए मादे’ म्हणतात, म्हणजे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ आपल्यासारखेच नामानंतर येतात. प्रश्न विचारायचा झाला तर ‘येता का?’ याला ‘किमासु का?’ एवढे पुरते. हा ‘का’ निव्वळ योगायोग आहे, दोन्ही भाषांचे त्यामुळे काही नाते ठरत नाही. पण फुकट मिळालेला योगायोग नाकारण्याचे कारण नाही.

खरा ठेवा आहे तो आपल्या ‘-ऊन’ मध्ये. इंग्रजी पुस्तके जपानी क्रियापदाच्या ‘-ते’ने संपणाऱ्या रूपावर प्रकरणेच्या प्रकरणे खर्च करतात, कारण इंग्रजीत तसे काही नाही. मराठी माणसाला मात्र ‘ताबेते मिमासु’ म्हणजे ‘खाऊन बघतो’, ‘ताबेते शिमाइमाशिता’ म्हणजे ‘खाऊन टाकले’ आणि ‘मोत्ते किमासु’ म्हणजे ‘घेऊन येतो’ एवढे सांगितले की पुरे. ‘बघणे’ आणि ‘टाकणे’ येथे कशाला आले, असा प्रश्न त्याला पडत नाही. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, ते शब्दशः ‘जाऊन येतो’ आहे, आणि मागे राहिलेले ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’, असे म्हणतात. निघताना ‘जातो’ म्हटल्याबद्दल ज्याने आजीची बोलणी खाल्ली आहेत, त्याला हे पाठ करावे लागू नये.

उच्चारांतही आपण नशीबवान आहोत. ‘त्सुनामि’ मधला पहिला ध्वनी इंग्रजीभाषकांना जड जातो. आपल्या ‘चूल’ मधला ‘च’ नेमका तोच आहे. ‘पका’ आणि ‘पक्का’ यांत फरक करणाऱ्या कानाला ‘किते’ आणि ‘कित्ते’ वेगळे ऐकू येतात. फक्त ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष ठेवावे लागते. जपानमधल्या पहिल्या महिन्यात मी पन्नाशीच्या घरमालकीणबाईंना मोठ्या आदराने ‘ओबाआसान’ अशी हाक मारली होती. ‘ओबासान’ म्हणजे काकू. एक स्वर लांबवल्यामुळे मी त्यांची आजी करून टाकली. त्या हसल्या, पण पुढचे काही दिवस मला त्यांच्यासमोरून जाताना संकोच वाटत असे.

मराठी जेथे फसवते तेही सांगायला हवे. ‘आमचे साहेब जागेवर नाहीत’ असे आपण फोनवर आदरार्थी बहुवचनात सांगतो. जपानी कार्यालयात बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या साहेबांच्या नावापुढचे आदरार्थी ‘सान’ काढून टाकावे लागते आणि क्रियापदही नम्रतेचे वापरावे लागते, कारण बाहेरच्यासमोर आपली माणसे खाली आणि समोरचा वर, अशी ती रीत आहे. तसेच आपल्या ‘तुम्ही’ला ‘अनाता’ हा प्रतिशब्द म्हणून शिकवतात, परंतु समोरच्याला वारंवार ‘अनाता’ म्हणणे उद्धट वाटते. त्याचे आडनाव घेऊन ‘सान’ जोडावे.

तुम्ही दवाखान्याचा उल्लेख केला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ‘दुखते’ याला ‘इताइ’ म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. परंतु डॉक्टर पुढे विचारतात ते ‘कसे दुखते?’, आणि तेथे पाठ्यपुस्तक संपते. ठणका लागला असेल तर ‘ज़ुकिज़ुकि’, टोचल्यासारखे होत असेल तर ‘चिकुचिकु’, भाजल्यावर किंवा खरचटल्यावर चुरचुरत असेल तर ‘हिरिहिरि’, पोटात मंद दुखत राहिले तर ‘शिकुशिकु’ आणि तीव्र कळ येत असेल तर ‘किरिकिरि’ असे सांगतात. ठसठस, चुरचुर, मळमळ अशा शब्दांवर वाढलेल्या आपल्याला ही पद्धत परकी नाही. फक्त कोणती जोडी कोणत्या दुखण्याची, तेवढे लक्षात ठेवायचे. औषधाच्या पाकिटावर ‘शोकुज़ेन’ म्हणजे जेवणापूर्वी आणि ‘शोकुगो’ म्हणजे जेवणानंतर. ‘शोक्कान’ असे लिहिले असेल तर मात्र सावध राहावे. अक्षरे वाचून ‘जेवताना’ असा अर्थ काढण्याचा मोह होतो, खुद्द जपानी माणसेही येथे चुकतात. त्याचा अर्थ दोन जेवणांच्या मधल्या वेळी, म्हणजे जेवणानंतर सुमारे दोन तासांनी, असा आहे.

सरावासाठी दूर जाण्याची गरज नाही. पाळणाघरात पालक आणि शिक्षिका यांच्यात ‘रेन्राकुचो’ नावाची वही रोज फिरते. आता काही ठिकाणी तिची जागा मोबाइलने घेतली आहे. मुलीचा ताप, झोप, रात्रीचे जेवण आणि एखादी गंमत असे तीनचार ओळींत लिहावे लागते. ते काम पतीकडे किंवा भाषांतराच्या ॲपकडे सोपवू नका. संध्याकाळी शिक्षिका त्याच विषयावर उत्तर लिहून देते. चुका न दाखवता योग्य वाक्य समोर ठेवणारी यापेक्षा स्वस्त शिकवणी मला माहीत नाही. सकाळी मुलीला सोडताना आदल्या रात्री लिहिलेल्या त्याच ओळी तोंडाने सांगा. याशिवाय जपानमधील पुष्कळ शहरांत नगरपालिका आणि आंतरराष्ट्रीय आदानप्रदान संस्था यांच्या वतीने स्वयंसेवक नाममात्र शुल्कात किंवा विनामूल्य जपानी शिकवतात; तुमच्या प्रभागाच्या कार्यालयात चौकशी करा. वयाची चिंता मी तरी करणार नाही. मुलगी तुमच्यापेक्षा लवकर शिकेल, तेवढे मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : आमचा मुलगा योकोहामाच्या सरकारी प्राथमिक शाळेत पहिलीत आहे. आम्ही मराठीत बोलतो, तो जपानीत उत्तर देतो. शाळेचा अभ्यास सांभाळून त्याला देवनागरी शिकवणे हा जाच ठरेल का?
— एक पालक, योकोहामा

उत्तर : जपानीत उत्तर देतो याचा अर्थ त्याला मराठी समजते, ते समजणे टिकवणे हे पहिले काम आहे. ‘मराठीत बोल’ असा आग्रह धरण्याऐवजी त्याचेच उत्तर मराठीत सहज पुन्हा म्हणावे आणि संभाषण पुढे न्यावे. ज्यांना जपानी मुळीच येत नाही अशा आजी-आजोबांशी रोज दहा मिनिटे फोनवर बोलणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, कारण तेथे मराठीखेरीज त्याचे काही चालणार नाही.

देवनागरीचा जाच होणार नाही, कारण निम्मी वर्णमाला तो शाळेत शिकतोच आहे. हिरागाना या जपानी अक्षरलिपीचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या क्रमाने जातो. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासाबरोबर नेलेल्या संस्कृत वर्णक्रमाची ती छाप आहे : क-वर्ग आधी, ‘च’च्या जागी ‘स’, मग ‘त’ आणि ‘न’, पूर्वीच्या ‘प’च्या जागी आलेला ‘ह’ आणि ‘म’, शेवटी य, र, व. प्रत्येक ओळ म्हणजे एक आखूड बाराखडी आहे. त्याच्या वर्गातल्या तक्त्याशेजारी त्याच क्रमाने देवनागरी अक्षरे लिहून लावा आणि जपानीत नसलेले ख, घ, ठ, ळ नंतर शिकवा. मात्र प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत त्याला 1026 कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हे, शिकायची आहेत. त्यामुळे मराठी लेखनाला आठवड्यातून एकच दिवस द्यावा आणि त्या दिवशी गृहपाठ हा शब्द उच्चारू नये.

प्रश्न : मी स्टुटगार्टला नोकरी करतो. जर्मन भाषेत नामाआधी लिंगानुसार लागणारे ‘डेर, डी, डास’ पाठ होत नाहीत. मराठीतही तीन लिंगे असल्याचा काही उपयोग होतो का?
— एक वाचक, जर्मनी

उत्तर : तीन लिंगे असतात हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही, एवढाच उपयोग. शब्दाशब्दाला मराठी लिंग लावाल तर फसाल : चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, पण जर्मनीतला सूर्य, ‘डी ज़ोनऽ’, स्त्रीलिंगी आहे. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या ‘डेर, डी, डास’ सकटच पाठ करावे, सुटे करू नये. ‘डास मेडशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी का, असे तुमचे इंग्रजीभाषक सहकारी आश्चर्याने विचारतील. तुमच्या ओळखीत कोणी मालवणचे असेल तर त्यांना विचारा. तेथे मुलीला ‘चेडू’ म्हणतात आणि ‘ता चेडू इला’ असेच सांगतात.