जपानमध्ये सज्ञान होण्याचं वय आता १८ आहे, मग ‘सेइजिन-शिकी’, म्हणजे सज्ञान झाल्याचा सोहळा, १८ व्या वर्षी करतात की २० व्या?

विसाव्याच. निदान बहुतेक ठिकाणी तरी. १ एप्रिल २०२२ पासून कायद्याने १८ व्या वर्षी सज्ञान धरतात, पण सोहळा काही मागे सरकला नाही. कारण अगदी घरगुती आहे: सोहळा असतो जानेवारीत, आणि जानेवारीच्याच मध्यावर विद्यापीठ प्रवेशाची सामायिक परीक्षा असते. पोर रात्र रात्र अभ्यासाला बसलेलं असताना कुठल्या आईला किमोनो सुचणार? मग बऱ्याच नगरपालिकांनी नुसतं नाव बदललं, ‘हताची नो त्सुदोई’, म्हणजे विशीचा मेळावा. (‘हताची’ म्हणजे वयाची वीस वर्षं, आपल्या हाताशी संबंध नाही!) दारू-सिगारेटला परवानगीही अजून विसाव्या वर्षीच.

मी तोक्योत निशी-कासाईला राहते. शेजारच्या मुलीची तयारी जवळून पाहिली. पार्लरची वेळ पहाटे साडेपाचची, कारण बऱ्या वेळा कधीच भरून गेलेल्या. तिने आईचाच फुरिसोदे घातला. हा अविवाहित मुलींचा किमोनो, बाह्या जवळजवळ घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या. आधी कमरेभोवती चक्क घरातले टॉवेल गुंडाळले! आपण साडीत कंबर दिसावी म्हणून धडपडतो. इथे अंग सरळ खांबासारखं दिसायला हवं, नाहीतर किमोनोला सुरकुत्या पडतात. निघताना आईने पर्समध्ये कपडे वाळत घालायचे चिमटे टाकले. कशाला, तर शौचालयात बाह्या वर अडकवायला. वीसची झाली तरी हे आईनेच बघायचं.

सभागृहात भाषणं होतात. ती कोण ऐकतं देव जाणे. खरी गंमत बाहेर, शाळेतले जुने सवंगडी पाच वर्षांनी भेटतात तेव्हा.

ही आताची पद्धत तशी जुनी नाही. युद्धात हरलेल्या देशातल्या तरुणांना उभारी यावी म्हणून १९४६ मध्ये तोक्योशेजारच्या साइतामा प्रांतातल्या वाराबी गावाने असा कार्यक्रम केला, तिथून ती पसरली. या सोहळ्याची सार्वजनिक सुट्टी आधी १५ जानेवारीला असे, २००० पासून जानेवारीचा दुसरा सोमवार. बर्फाळ भागांत मात्र काही गावं मे नाहीतर ऑगस्टमध्येच उरकतात. बर्फात रेशमी किमोनो कोण भिजवणार?

बघायला जायचं असेल तर त्या दिवशी सकाळी सभागृहाबाहेर उभे राहा. आत निमंत्रितांनाच सोडतात. फोटो काढण्याआधी विचारा, बहुतेकजणी आनंदाने उभ्या राहतात.