सांबारात सांबार

पुण्याहून बदली होऊन विदर्भातल्या आर्वीजवळच्या एका गावात आलेल्या वाचकाने विचारले आहे : "मित्रांबरोबर इडली खायला गेलो. गाडीवाल्याने विचारले, 'सांबारात सांबार टाकू का जी?' मला वाटले, आणखी एक पळी वाढतोय. 'टाका' म्हणालो, तर त्याने वरून कोथिंबीर भुरभुरवली. मित्र हसून लोळायचे बाकी होते. कोथिंबिरीला सांबार म्हणणे चूकच ना? यावर वड्या खिलवण्याची पैज लागली आहे. शिवाय इथे सांबारवडी मिळते, तिच्यात तर सांबार नसतेच. तो शब्द लिहायचा तरी कसा?"

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तिथेच माझे डोके तापते. 'सांबरवडी' असे लिहू नका. हायवेवरच्या निम्म्या धाब्यांवर रंगाऱ्याने 'ब'चा काना खाल्लेला असतो. एका पाटीवर 'गरमागरम सांबरवडी' आणि खाली 'शुद्ध शाकाहारी' असे लिहिलेले मी स्वतः वाचले आहे. सांबर मेळघाटात आणि ताडोब्यात असते, त्याला शिंगे असतात आणि त्याची वडी करणाऱ्याला वनखाते उचलून नेते. ते नाव संस्कृत 'शम्बर' वरून आले. आपला सांबार वेगळा, त्याला काना हवाच.

आता मूळ शब्द. वरणासारखा, चिंचेचा, इडलीसोबतचा सांबार सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर शाई घालवत नाही. पण त्याचा विषय निघाला की कुणीतरी हटकून ती तंजावरची गोष्ट काढतो. शाहूजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले, त्यांनी तुरीच्या डाळीत चिंच घातली, पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीराजांना ती आवडली, म्हणून 'संभा-आहार', म्हणून सांबार! गोष्ट गोड आहे. पुरावा मात्र चिंचोक्याएवढाही नाही. समजा, ती खरी धरली. मग केरळात आले, मिरची, कढीपत्ता घातलेल्या ताकाला 'संभारम्' म्हणतात, ते कुठल्या राजांनी प्यायले? गुजरातेत कोबी, गाजर, कच्ची पपई मोहरी-मिरचीच्या फोडणीत परतून गाठियासोबत देतात, त्याला 'संभारो' म्हणतात. लोणच्याच्या मसाल्यालाही तिकडे संभार म्हणतात आणि कोकणीत मसाल्याचे नाव सांबारच. आणि आमच्या वर्ध्याच्या भाजीबाजारातल्या हिरव्या जुडीला तंजावरचा वारा कधी लागला? व्युत्पत्ती सांगायची तर एकाच वाटीची सांगून चालत नाही, सगळे ताट समोर घ्यावे लागते.

ते ताट 'संभार' या एका शब्दात मावते. सम् + भृ, म्हणजे गोळा करून आणणे. जे जमवले तो संभार, म्हणजे साहित्य, सामान. केशसंभार, जटासंभार यांतला हाच. यज्ञात नवा अग्नी स्थापायचा तर आधी 'संभार' जमवावे लागत. 'शतपथ ब्राह्मण' या वैदिक ग्रंथात ते पाच सांगितले आहेत : पाणी, सोने, खारी माती, उंदराने उकरलेली माती आणि बारीक खडे. म्हणजे अग्नी पेटवण्याआधी हाताशी करून ठेवायचे सामान. आता स्वयंपाकघरात या. चुलीपाशी बसण्याआधी बाई काय हाताशी घेते? तिखट, मीठ, जिरे, मिरची, हिरवा पाला. तोही संभारच. ताकात पडला की केरळात संभारम्, लोणच्यात पडला की गुजरातेत संभार, डाळीत पडला की दक्षिणेचा सांबार. आमच्याकडे त्या सगळ्या सामानातून एकच वस्तू नावाची मालकीण होऊन बसली.

इथे चंद्रपूरकडचे एक जाणकार स्नेही मला दरवेळी अडवतात. त्यांचे म्हणणे, हा शब्द सीमेपलीकडून, तेलुगूतून आला. अहो, तेलुगूत कोथिंबिरीला 'कोत्तिमीर' म्हणतात! तिकडून उसना घ्यायचा असता तर आम्हीही कोथमीर म्हटले असते. ज्याच्या घरात ती वस्तू दुसऱ्याच नावाने नांदते, त्याच्याकडून हे नाव आणले म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीला आपल्या नळाचे बिल लावणे. त्यांना हे तीनदा सांगून झाले. चौथ्यांदा इथे सांगतो.

मग कोथिंबीरच का, मीठ किंवा मिरची का नाही? यावर माझे एक मत आहे आणि ते मी आयुष्यभर लोकांच्या गळी उतरवत आलो आहे. या झाडाला आपण कधी स्वतःचे नाव दिलेच नाही. त्याचे बी घ्या. धने हा शब्द 'धान्यक' वरून, म्हणजे बारीक धान्य. धान्य कशालाही म्हणता येते. भंडारा-गोंदियाकडे 'धान' म्हटले की फक्त साळ, दुसरे काही नाही, इतका तो मोघम शब्द तिथे एका पिकाने बळकावला आहे. तसाच तो कोथिंबिरीच्या बियांनीही बळकावला. आता पान घ्या : संभार, म्हणजे सामान. बी 'धान्य' आणि पान 'सामान'! रोज लागणाऱ्या वस्तूचे हे असेच होते. आमच्याकडे घरच्या पोरांना नावाने कोण हाका मारतो? मोठ्या आणि लहान्या. नाव शाळेच्या दाखल्यात असते.

दाखल्यातले नाव 'कोथिंबीर' आहे ना, असे तुम्ही म्हणाल. तेच शुद्ध, असे पुण्याच्या मंडळींना वाटते. तर त्याची गंमत ऐका. कोथिंबीर 'कुस्तुम्बुरु' वरून आली आणि हा शब्द खुद्द पाणिनीला अडला होता. त्याने त्यासाठी वेगळे सूत्र लिहिले : 'कुस्तुम्बुरूणि जातिः' (६.१.१४३). म्हणजे त्या वनस्पतीचे नाव असेल तरच मध्ये 'स्' येतो, एरवी 'कुतुम्बुरूणि' म्हणा, म्हणजे वाईट तुंबुरू. हे तुंबुरू कोणते? पाणिनीच्या सूत्रांवर 'काशिका' ही टीका लिहिणारे म्हणतात, तिंदुकीची फळे. तिंदुकी म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली टेंभुर्णी, जिच्या पानांच्या विड्या वळतात! पाणिनीच्या हिशेबाने एक 'स्' गळला की कोथिंबिरीची जुडी सडक्या टेंभरांची टोपली होते. आणि हा 'स्' कोणता? सहाच सूत्रे मागे जा. सम् आणि कृ यांच्यामध्ये जो 'स्' घुसून 'संस्कार' होतो, 'संस्कृत' होते, तोच. भाषेला जिथून नाव मिळाले, त्याच प्रकरणात चार पावलांवर कोथिंबीर उभी आहे. मला हे पहिल्यांदा कळले त्या दिवशी मी जेवताना घरच्यांना सांगितले. कुणी मान वर केली नाही. सौ. म्हणाली, "सांबार निवडून द्या आधी."

तर ज्या शब्दाला नियमात बसवण्यासाठी पाणिनीला सूत्र खर्चावे लागले, तो तुमचा शुद्ध शब्द. आणि ज्याची फोड पहिलीतल्या मुलालाही करून दाखवता येते, तो म्हणे गावंढळ.

सांबारवडीकडे वळायचे राहिलेच. ती बेसन-मैद्याच्या पारीत भरतात. पारीला आतून चिंचेचा कोळ आणि काळा मसाला चोपडायचा, वर खसखस, खोबरे, तीळ, चारोळी घालून परतलेला सांबार मुठीने दाबायचा आणि पत्राच्या पाकिटासारखी घडी घालून तळायची. म्हणून पुडाची वडी असेही नाव आहे. चांगली वडी मोडली की आतून हिरवी दिसते, काळपट नाही. काळपट दिसली तर सांबार आधी मीठ लावून ठेवलेला असतो, त्याला पाणी सुटते आणि पुड मऊ पडते. सोबत कढी हवी. चटणी-सॉस देणाऱ्या टपरीवरून उठून या.

आणि लिंग विचारलेत नाही, तरी सांगतो : आमच्याकडे तो सांबार, तुमच्यासारखे 'ते सांबार' नाही. बाजारात "सांबार कसा देल्ला जी?" असे विचारा, दहाच्या दोन जुड्या मिळतील. 'कोथिंबीर केवढ्याला' विचारलेत तर एकच मिळेल.

पैज तुम्ही हरलात. पण वड्या आत्ता उन्हाळ्यात देऊ नका. आत्ताचा सांबार महाग आणि दांडीचा असतो. दिवाळी उलटू द्या, थंडी पडली की जुड्या पायलीने येतात. तेव्हा मित्रांना घेऊन बसा आणि गाडीवाल्याने 'वरून सांबार टाकू का जी' विचारले तर नको म्हणा, वडीत आहे तेवढा पुरे.