एनबीएचे संघ जी लीगमधील संलग्न संघांकडून खेळाडू कसे घडवून घेतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: एनबीएचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च बास्केटबॉल लीगचे, संघ तिच्याच खालच्या पातळीवरील जी लीगमधील आपल्या संलग्न संघांचा उपयोग खेळाडू घडवण्यासाठी नेमका कसा करतात, आणि ही व्यवस्था आपल्या रणजी करंडकासारखी मानता येईल का. रणजीशी तिची सांगड घालू नये, असे माझे मत आहे. मुंबईचा किंवा विदर्भाचा संघ स्वतःच्या विजेतेपदासाठी खेळतो आणि त्याने कोणाला किती संधी द्यावी, हे भारतीय संघाचे व्यवस्थापन ठरवून देत नाही. जी लीगमधील संघ मात्र बहुतेक ठिकाणी मूळ संघाच्याच मालकीचा असतो. तेथील प्रशिक्षक मूळ संघच नेमतो, डावपेच तेच असतात, आणि कोणत्या खेळाडूला किती मिनिटे खेळवायचे व त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे, हेही वरूनच ठरते.

सुरुवातीला असे नव्हते. २००१ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय भागात आठ संघांनिशी ही लीग सुरू झाली, तेव्हा ती डेव्हलपमेंट लीग म्हणून ओळखली जात असे, आणि पुढे संलग्नता आली तरी एकेका संघाशी एनबीएचे अनेक संघ जोडलेले असत. साहजिकच, दुसऱ्याच्या खेळाडूला घडवण्यात तेथील प्रशिक्षकाला फारसे स्वारस्य नसे. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी स्वतःचा संघ उभा केला, २००९ मध्ये ह्यूस्टनच्या एनबीए संघाने टेक्सासमधील रिओ ग्रांदे व्हॅली व्हायपर्सचा खेळाशी संबंधित कारभार हाती घेतला, आणि २०२४-२५ च्या हंगामापासून एनबीएच्या तिसाही संघांना आपापला संलग्न संघ आहे. जी लीग हे नाव २०१७ मध्ये गेटोरेड या पेयाच्या प्रायोजकत्वामुळे आले.

या व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण टोरोंटोचे आहे. मी टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात राहते आणि टोरोंटोच्या एनबीए संघाचा, म्हणजे रॅप्टर्सचा, संलग्न संघ, रॅप्टर्स ९०५, २०१५ पासून येथेच खेळतो. सभागृह लहान आहे, जेमतेम पाच हजार प्रेक्षकांचे, त्यामुळे बेंचवर काय चालले आहे तेही नीट दिसते. मुख्य संघातून आलेल्या तरुण खेळाडूने अटीतटीच्या वेळी चेंडू गमावला, तरी त्याला सहसा बाहेर बसवत नाहीत. पुढच्या वेळी चेंडू पुन्हा त्याच्याच हाती दिला जातो. एनबीएमध्ये त्याच चुकीनंतर त्याने उरलेला सामना बाकावर काढला असता. माझ्या मते खेळाडू घडतो तो या एका फरकामुळे.

पास्कल सियाकाम हा कॅमेरूनचा खेळाडू २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत) सत्ताविसाव्या क्रमांकावर निवडला गेला. बास्केटबॉलकडे तो उशिरा वळलेला होता. पहिल्याच हंगामात त्याला रॅप्टर्सकडून ३८ सामन्यांत सुरुवातीच्या पाचांत स्थान मिळाले, परंतु धावणे, बचाव करणे आणि रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतरचा चेंडू) घेणे याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून नव्हती. पुढे तेही स्थान गेले. तेव्हा त्याला ९०५ कडे पाठवण्यात आले आणि तेथे आक्रमणाची मोठी जबाबदारी देण्यात आली. त्या वसंतात ९०५ ने व्हायपर्सना हरवून विजेतेपद मिळवले आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू सियाकाम ठरला. दोनच वर्षांनी, २०१९ च्या एनबीए अंतिम फेरीतील पहिल्या सामन्यात, त्याने गोल्डन स्टेटविरुद्ध ३२ गुण केले. ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला फ्रेड व्हॅनव्हलीटही ९०५ कडून खेळून वर आलेला, आणि विजेतेपद निश्चित करणाऱ्या सहाव्या सामन्यात त्याचे २२ गुण होते. रॅप्टर्सचे तेव्हाचे प्रशिक्षक निक नर्स यांनीही २०११ मध्ये आयोवाला आणि २०१३ मध्ये व्हायपर्सना याच लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. म्हणजे खेळाडूंबरोबर प्रशिक्षकही येथे तयार होतात.

डावपेचांची चाचणीही येथेच होते. २०१३-१४ च्या हंगामात व्हायपर्स एका सामन्यात सरासरी ४५ च्या आसपास थ्री-पॉइंटरचे (लांबून तीन गुणांसाठी केलेल्या फेकीचे) प्रयत्न करत होते, जे तेव्हाच्या एनबीएच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त होते. ह्यूस्टनला त्यातून काय साधायचे होते, हे पुढे मुख्य संघाच्या खेळात उघड दिसले.

आता कराराची बाजू, कारण गैरसमज तेथेच अधिक असतात. संलग्न संघातील प्रत्येक खेळाडू मूळ संघाच्या हक्काचा नसतो. एनबीए संघाला नेहमीच्या करारावर पंधरा खेळाडू ठेवता येतात आणि त्याशिवाय तिघांना टू-वे करार देता येतो. २०१७ मध्ये आलेल्या या कराराखालील खेळाडू दोन्ही संघांत ये-जा करतो, एका हंगामात एनबीएच्या जास्तीत जास्त पन्नास सामन्यांसाठी उपलब्ध असतो, आणि करार बदलून दिल्याशिवाय प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, खेळू शकत नाही. बाकीच्या बहुतेकांचा करार थेट जी लीगशी असतो आणि त्यांना एनबीएचा कोणताही संघ उचलू शकतो. म्हणजे एका संघाने मेहनत घेतलेला खेळाडू दुसऱ्याकडे जाण्याची शक्यता कायम राहते. पैशातील अंतरही मोठे आहे: २०२३-२४ मध्ये टू-वे खेळाडूला सुमारे साडेपाच लाख डॉलर मिळत, तर जी लीगच्या साध्या करारावर एका हंगामाचे ४०,५०० डॉलर.

आपल्याकडच्या वाचकांना सतनाम सिंगचे नाव आठवत असेल. पंजाबमधील बरनाळा जिल्ह्यातील हा खेळाडू २०१५ मध्ये डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेला आणि एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिलाच. डॅलसने त्याला आपल्या संलग्न संघाकडे, टेक्सास लेजंड्सकडे, ठेवले. तेथे त्याला फार कमी मिनिटे मिळाली आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. सियाकामचे उदाहरण देताना हे उदाहरण वगळणे मला योग्य वाटत नाही, कारण संलग्न संघात नाव असणे आणि तेथे प्रत्यक्ष खेळायला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एखादा संघ हे काम किती मनापासून करतो, हे ओळखायचे असेल तर अंतर पाहावे. डेट्रॉइटचा जुना संलग्न संघ ग्रँड रॅपिड्सला, म्हणजे दोन-अडीच तासांच्या वाटेवर होता. पुढे त्यांनी फिनिक्सकडून त्यांचा संघ विकत घेतला आणि २०२१ मध्ये तो थेट डेट्रॉइट शहरात आणला. खेळाडूला सकाळी मुख्य संघाबरोबर सराव करून संध्याकाळी संलग्न संघाकडून सामना खेळता यावा, यासाठी एवढा खर्च केला जातो.